गच्चीवरच्या इन्व्हर्टरचं कपाट

चऱ्होली, २१ एप्रिल

ति. दादा,

"पोहे हिने नाही केले, शेजारच्या जाईबाईंनी केलेत." बावीस वर्षांपूर्वी मला बघायला आलेल्या मंडळींनी पोह्यांचं कौतुक केलं, तेव्हा तुम्ही भर बैठकीत बोललेलं हे वाक्य आज सकाळी उगीचच आठवलं. (उगीच नाही. कारण पुढे येईल.) तर तरीही पसंत पडलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीचा, जयमालाचा, नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचा कान? फोनच करणार होते, पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलले की आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, आणि ही गोष्ट गल्लीची नाही.

आमच्या ह्यांचं तुम्हाला माहीत आहेच. चाकणच्या कंपनीतली त्यांची लाइन डिसेंबरात बंद झाली. पंचवीस वर्षं गाड्यांचे पत्र्याचे दरवाजे घडवलेला माणूस सवयीने पहाटे पाचला उठायचा, दाढी करायचा, बूट घालायचा, थोडा वेळ बसायचा आणि बूट काढून ठेवायचा. जानेवारीभर मी हे पडल्या पडल्या पाहिलं. (मग उठून चहा टाकला.) फेब्रुवारीत गच्चीवर सोलर बसलं आणि ह्यांना काम मिळालं. पॅनेलला ऊन हवंच, पण पॅनेलची वीज घराला आणि बाहेरच्या लाइनीला जोडून देणारा तो इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर तापतोय, हे काही त्यांना बघवेना. मग मित्राच्या शेडमध्ये आठ दिवस खपून त्यांनी त्याच्यासाठी पत्र्याचं कपाट केलं.

दादा, काय कपाट आहे! कोपरे असे वळवलेत की बोट फिरवलं तरी जोड कळत नाही. दाराला रबर, वर पावसासाठी पन्हळ, बिजागऱ्या अशा की दार एका बोटाने मिटतं. आतल्या बाजूला अक्षरं उठवायच्या पंचाने ठोकलेलं स्वतःचं नाव आणि तारीख. कंपनीत लाखभर दरवाजे त्यांच्या हाताखालून गेले असतील, नाव एकावरही नाही. रंग देताना ते शीळ घालत होते. सासूबाईंनी मला बाही धरून जिन्यापाशी नेलं आणि कुजबुजल्या, "ऐक, गोरक्ष शीळ घालतोय." आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसलो.

कपाटात दोष एकच. ते इतकं उत्तम झालंय की त्यात वारा शिरत नाही. तुम्ही तीस वर्षं वायरमन होतात, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मोबाइलवर विजेचा आलेख दिसतो. तो सकाळी छान चढायचा आणि साडेअकराला कुणीतरी माथा तासल्यासारखा सपाट व्हायचा, मग घसरायचा. ह्यांनी पॅनेल धुतले. शेजारच्या आंब्याकडे संशयाने पाहिलं. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली. शेवटी ह्यांनी निदान केलं की इन्व्हर्टरवर घराचा लोड जास्त होतोय, आणि फ्रिजवर वेळापत्रक लागलं. धुण्याचं मशीन दहाला, घरघंटी अकराला, इस्त्री फक्त मंगळवारी. मिक्सर लावण्याआधी आवाज द्यायचा. त्यामुळे रोज खालून सासूबाई ओरडतात, "आरं गोरक्ष, लावू का?" आणि वरून छत्रीखाली बसलेले हे मोबाइल बघून सांगतात, "थांब आई, आत्ता न्हाई!" चटणी तोवर भांड्यात वाट बघते.

मग सोलरवाल्यांनी दिव्या नावाची इंजिनिअर पाठवली. ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, गोड मुलगी. ह्यांनी तिला अर्धा तास बिजागऱ्या दाखवल्या. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत पेपर कोरा देऊन आल्यासारखा होता. म्हणाली, "काकू, लोडचा काही संबंध नाही हो. घराला जास्त लागलं तर ते बाहेरच्या लाइनीतून येतं. इन्व्हर्टर कोंडला गेलाय. तापला की तो स्वतःला वाचवायला वीज कमी करतो. चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी. कपाट काढा."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगा ना, काकू," एवढं म्हणून तिने चपला घातल्या.

मी नाही सांगितलं. मी त्याहून वाईट केलं. कपाटाची दुसरी किल्ली मसाल्याच्या डब्यात ठेवली, आणि जेवून हे आडवे झाले की कुरडया वाळत घालायच्या निमित्ताने वर जाऊन दार उघडायचं, समोर टेबल फॅन लावायचा, आणि हे उठायच्या आत सगळं मिटवून खाली यायचं. (इतक्या कुरडया या घराने कधी पाहिल्या नव्हत्या. दोन डबे तुमच्यासाठी काढलेत.) आलेख दुपारीही टिकायला लागला. मला वाटलं, जमलं. पण ह्यांनी हिशेब वेगळाच मांडला. दुपारी आपण मिक्सर लावत नाही, म्हणून टिकतोय! आता मिक्सर सूर्यास्तापर्यंत बंद झालाय. सासूबाईंनी माळ्यावरून पाटा-वरवंटा उतरवून घेतला आणि मला म्हणाल्या, "सोलर आलं आन् मी फुडं जायच्या ऐवजी मागं आले गं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला लिहिलं नसतं. पण ह्यांनी कपाट आणि हा टिकलेला आलेख दोन्ही गल्लीत दाखवलं. समोरच्या सुमनताई आणि गच्चीवर सोलर असलेल्या आणखी तिघांनी तस्संच कपाट करायला सांगितलंय. सोमवारी पत्रा येणार आहे. आता हे पाचला उठतात, बूट घालतात आणि काढत नाहीत. चार घरांचे इन्व्हर्टर तापले की चार घरं मिळून हसतील, आणि तेव्हा ते बूट कुठे ठेवतील, हे मला माहीत आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमची,
जयमाला

ता. क. रविवारी याल का? कुरडया घ्यायला. आलात की सहज गच्चीवर जा आणि ह्यांना सांगा की वीज खात्याचा नवा नियम आलाय, इन्व्हर्टर उघडाच ठेवायचा, एरवी कपाट एक नंबर होतं. असा नियम नाही, हे मला माहीत आहे. तुमचं ते ऐकतील. माझं ऐकलं तर किल्लीचंही कळेल आणि फॅनचंही, आणि कौतुकाने उजळलेले हे सगळे दिवस माझ्या लपवाछपवीवर उभे होते, असं त्यांना वाटेल.

ता. क. २. आत्ता हे खाली आले होते. कुणाला पत्र, विचारलं. दादांना, म्हटलं. तर म्हणाले, "त्यांना रविवारी बोलाव की. पत्रा यायच्या आधी कपाट त्यांनी बघायला पाहिजे. गल्लीचं काय, ती चांगलंच म्हणणार. दादा खोटं बोलत न्हाईत."

मी हो म्हटलं. दादा, एवढं एकदा, माझ्यासाठी, बोलाल?