किरकोळ खरचटले

तीर्थरूप मामांस भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (तुमचा उजवा प्लास्टरमध्ये आहे, आशीर्वाद डाव्याने दिलात तरी पोचेल).

ठणका कमी झाला का? झोप लागते का? हे भाचा म्हणून विचारलं. आता आपल्या कारखान्याचा मालक म्हणून पुन्हा विचारतो, कारण तसं विचारणं माझं कर्तव्य आहे, आणि कालपासून मी त्या कर्तव्याच्या प्रेमातच पडलोय!

झालं असं. तुमची भरपाई का अडकली हे विचारायला मी तणतणत विमा कंपनीत गेलो. (पुठ्ठा कापायच्या यंत्रात हाताची दोन हाडं मोडून तीन आठवडे झाले, तरी यांचं आपलं ‘बघतो’!) तिथल्या बाईंनी शांतपणे ‘मालकाची कर्तव्ये’ असा छापील कागद पुढे सरकवला. मामा, काय सुंदर कागद आहे! अपघात लगेच कळवावा, जखमी कामगाराला त्याचे हक्क सांगावेत, दर आठवड्याला विचारपूस करून ती लिहून ठेवावी... मी वाचत गेलो आणि छाती फुगत गेली. विचारपूस? मी तर दिवसाआड फोन करतो आणि वहीत नोंदही ठेवतो (‘मामा आज माझ्यावर खेकसले, प्रकृतीत सुधारणा’). परतल्यावर हलकं काम? तुमच्यासाठी खिडकीपाशी गादीची खुर्ची कधीच मांडून ठेवलीय. तिच्यावर कुणी बसलं तर मी अंगावर जातो, त्यामुळे सगळा कारखाना वैतागलाय. बाईंना मी म्हटलं, माझ्यासारखा मालक शोधून सापडणार नाही. त्यांनी मीच भरून दिलेला अपघाताचा अहवाल माझ्यासमोर धरला. ‘दुखापतीचे स्वरूप’ या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: किरकोळ खरचटले.

आता चिडू नका, ऐका. तो अहवाल मी घरी जेवणाच्या टेबलावर लिहिला आणि शेजारी आई भाजी निवडत होती. तिच्या रक्तदाबामुळे तुमचं तिला सांगायचं नाही, नवीन यंत्र शिकायला परगावी गेलात असं सांगायचं, हे तुमचंच फर्मान. ती चष्मा सावरत कागदात डोकावली, कुणाला काय झालं म्हणून विचारलं, आणि माझ्या हातून जे उमटलं ते उमटलं. नंतर बदलायचं राहून गेलं. बाई म्हणाल्या, “खरचटल्याला आम्ही फार तर मलमाचे पैसे देतो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण काळजी नसावी. दुरुस्त अहवाल दिला की भरपाई सुटेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मामींना नमस्कार.

तुमचा,
मालक (आणि भाचा)

ता.क. दुरुस्त अहवाल सोबत आहे, त्यावर तेवढी डाव्या हाताने सही करा. दोन्ही हाडं लिहिली आहेत. काम उरकावं म्हणून यंत्राची संरक्षक जाळी मीच काढायला लावली होती, तेही लिहिलंय. इतके दिवस फोनवर हे बोलायचं धाडस झालं नाही. चुकलो, मामा.

दुसरा ता.क. हाही अहवाल मी त्याच टेबलावर लिहिला. (मला अक्कल कधी येणार?) आईने तो अथपासून इतिपर्यंत वाचला. रक्तदाब वगैरे काही नाही. फक्त म्हणाली, “तीन आठवडे माझा भाऊ कळा सोसत होता आणि मला कुणी सांगितलं नाही.” मग चपला घालायला उठली. हे पत्र तिच्याच हाती देतोय. दार मामींना उघडायला न लावता तुम्हीच उघडलं असेल, अशी आशा आहे.