टेबलावरची गल्ली

प्रिय चिऊ,

ताईचं पत्र घरी न येता तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर कसं आलं, म्हणून तू चक्रावली असशील. घरचं टपाल आधी कुणाच्या हाती लागतं ते मला ठाऊक आहे, म्हणून. समोर पेशंट बसले असतील तर आत्ता वाचू नकोस. जेवायच्या सुट्टीत दार लावून घे आणि मग वाच. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तर मी तिशीची होते तेव्हापासून कुरकुरतायत.

आमची गल्ली पाडणार हे तुला माहीत आहेच. पाडायलाच हवी म्हणा. भिंतींना असे तडे गेलेत की शेजारच्या घड्याळजींच्या दुकानातले टोले माझ्या उशाशी पडतात. जमीन चर्चची, घरं आमची आणि डोळा बिल्डरचा. त्याला सगळ्यांना उठवून उंच टॉवर बांधायचाय. पण आमचे फादर वरून मऊ दिसले तरी भलते हट्टी. ते म्हणाले, जमीन विकायची नाही. आधी चर्चच्या अंगणात इमारत उठेल, माणसं तिथे राहायला जातील, मगच जुनी घरं पडतील. कुणाला गल्ली सोडावी लागणार नाही. असं बांधायचं असेल तर बांधा, नाहीतर आपली वाट धरा.

चर्चच्या कमिटीतल्या काहींना हे पटलं नाही. म्हणून फादरांनी एक युक्ती काढली. मागच्या बाकांपाशी त्यांनी लांबलचक टेबल मांडलं, त्यावर गल्ली आखली आणि घरटी एक लाकडी ठोकळा दिला. ठोकळ्याच्या तळाशी घरवाल्याचं नाव. नव्या वस्तीत ज्याला जिथे राहायचंय तिथे त्याने आपल्या हाताने ठोकळा ठेवायचा. ज्याला काही झालं तरी गल्ली सोडायची नाही त्याने तो लाल रंगवायचा. दुसऱ्याच्या ठोकळ्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर मोजणी आहे. लाल निम्म्याहून कमी भरले तर कमिटी जमीन विकून मोकळी होणार. लोक काय रमले होते गं त्या टेबलाशी! बेकरीवाला आणि नर्सबाई खिडकीतल्या उन्हावरून भांडले, आणि ती खिडकी अजून बांधायची होती. माझा ठोकळा मी तुझ्या राहिलेल्या नेलपॉलिशने रंगवला. गल्लीत सगळ्यात झकास घर माझंच दिसतं.

आता लाल ठोकळे कमी व्हायला लागलेत. आधी घड्याळजींच्या दुकानाच्या कुलपात कुणीतरी खळ ओतून ठेवली. ते हसले. मग एकदा दुकान उघडून पाहतात तर सगळी घड्याळं भिंतीवरून काढून जमिनीवर ओळीने मांडलेली, काचा खाली करून. एकही फुटलेलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी आपला ठोकळा खरवडला. नर्सबाईंना वाटेत एक अनोळखी माणूस भेटला आणि तुमची मुलगी शाळेतून कुठल्या रस्त्याने येते ते अगदी आपुलकीने सांगून गेला. त्यांनीही रंग काढला. फादर सगळ्यांना धीर देतात, देवाच्या घरात लपवायचं काय म्हणतात. मला त्यांची कीव येते आणि रागही येतो. सगळं उघड्यावर मांडलं, पण कोण बघतंय याचा विचारच केला नाही. नावं तळाशी आहेत. कुठला ठोकळा कुणाचा, हे बाहेरच्या माणसाला एकेक उलटून पाहिल्याशिवाय कळणार कसं?

लहानपणी आपल्या घराच्या जिन्यावरून तू कठड्यावर बसून घसरत यायचीस आणि मी कठडा धरून एकेक पायरी उतरायचे. आई मला ‘म्हातारे’ अशी हाक मारायची. मी अजून तशीच आहे. चर्चमधल्या ऑर्गनच्या माडीचा जिना अरुंद आणि अंधारा आहे, त्याचा कठडा तर मी दोन्ही हातांनी धरते. तिथे मी दुपारी रविवारच्या गाण्यांच्या सरावाला बसते. दुपारी कुणी प्रार्थनेला आलं तर त्रास नको, म्हणून हवा न भरता नुसती बोटं फिरवते. चपला काढलेल्या असतात. खालच्या माणसाला पत्ताही लागत नाही की वर कुणी आहे.

परवा दुपारी खाली कुणीतरी आलं. मी वाकून पाहिलं नाही, पण इतकी वर्षं शाळेत शिकवलेलं, कान माझे शिक्षिकेचे. खिशात किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता. तुझ्या लग्नात आपण सगळ्या हसलो होतो आठवतं? नवरदेव दिसायच्या आधी ऐकू येतो म्हणून. मग मी पाहिलं. तो माणूस उरलेला एकेक लाल ठोकळा उलटत होता आणि मोबाईलवर फोटो काढत होता. काम संपल्यावर प्रत्येक ठोकळा त्याने होता तिथे, नीट ठेवला. माझाही. माझा कोपर लागून सुरांच्या वहीचं पान खाली तरंगत गेलं आणि त्याने वर पाहिलं. पान उचललं, बाकावर ठेवलं आणि निघून गेला.

काल तो घरी आला. चहा घेतला, साखर कमी झालीये म्हणाला. तुझं, तुमच्या छोटीचं कौतुक सांगितलं. निघताना दारात थांबून म्हणाला, ताई, त्या माडीचा जिना फार वाईट आहे, या वयात पाय घसरला तर खाली सांभाळायलासुद्धा कुणी नसतं. बोलला इतक्या मायेने की मी मान डोलावली. तो गेल्यावर मला दाराची कडी लावता येईना.

चिऊ, ते भाऊजी होते. बिल्डरने त्यांना काय देऊ केलंय, मला ठाऊक नाही. तुझा संसार माझ्या तोंडून मोडावा असं मला कधीच वाटलं नाही, पण रविवारी मोजणीआधी मी सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगणार आहे. जगाला कळायच्या आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. शनिवारीच छोटीला शाळेतून परस्पर घेऊन माझ्याकडे ये. घरी काही विचारू नकोस, सामान घेऊ नकोस. मी फार घाबरले आहे गं. इतकी, की ठोकळा खरवडायला दोनदा टेबलापाशी जाऊन परत आले. आणि शनिवारच्या आधीच कुणी येऊन तुला सांगितलं की ताई जिन्यावरून घसरली, तर रड हवं तेवढं, पण विश्वास ठेवू नकोस. तुला माहीत आहे मी जिना कसा उतरते.

तुझीच,
ताई