पलंग ते बाथरूम

३ जून, सोमवार
दादाला लेखी कळवलं : बाबा घरीच राहतील. शुक्रवारी फिजिओ येऊन बघणार. बाबा पलंगापासून बाथरूमपर्यंत, कुणी न धरता, वॉकरने गेले तर विषय मिटला. नाही गेले तर दादाने बघून ठेवलेलं, पेशंट सांभाळणारं केंद्र. अंतर ४.१२ मीटर. मी लिफ्टची ड्रॉइंग करते. चार मीटर म्हणजे किस झाड की पत्ती.
बाबांची उंची १७२, तपासणीच्या जुन्या कागदावरून. उगाच उभं करून दमवायला नको.

४ जून
वॉकर आला. १७२ वरून, सूत्राने, त्याची उंची लावली. बाथरूमच्या दाराशी भिंतीला धरायचा दांडाही त्याच हिशेबाने बसवला. ड्रिलवाला म्हणाला, पेशंटला एकदा उभं करता का? मी ड्रॉइंग दाखवलं. मग ठीक आहे ताई, म्हणाला, ड्रॉइंगमध्ये कुणी पडत नाही. विनोदी माणूस.
बाबा सारखे गळ्यातला टेप माझ्यापुढे करतात. चाळीस वर्षं टेलर. पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवा पाय ओढतो, शब्द एखादाच निघतो, पण टेप काही सुटला नाही. दुकानात म्हणायचे, कच्चा टाका घालून ट्रायल घ्यायची, मगच पक्की शिलाई. म्हणूनच गिऱ्हाइकांना कपडे नेहमी उशिरा.
विरंगुळा हवा असणार. संकल्प : कोड्यांचं पुस्तक आणणे.

५ जून
आजपासून दिवसभराच्या मदतीला ब्यूरोच्या मावशी. आल्या आल्या म्हणाल्या, अगं बाई, हा दांडा त्यांना धरायला की कपडे वाळत घालायला? सूत्र समजावलं. तुझं बरोबरच असेल गं, म्हणाल्या, पण त्यांचे खांदे बघ, कानाला टेकलेत. बघितले नाहीत, ऑफिसची मीटिंग होती.
तीन पावलं. सुरुवात उत्तम.

६ जून
पाच पावलं, मग बसले. कारण : चपला. नव्या आणल्या. दोन पावलं. कारण : फरशी. रबरी मॅट अंथरली. मॅटच्या कडेला वॉकर अडतो. मॅट काढली.
मावशी न विचारता वॉकरच्या पायाचं, उंची कमीजास्त करायचं बटण दाबायला गेल्या. मी ओरडले. माझा आवाज एवढा चढतो हे माहीत नव्हतं. बाबा भिंतीकडे बघत राहिले.
दादाचा फोन चार वेळा. उचलायचा नाही. उद्या निकालच सांगेन.

७ जून, सकाळी ११.४०
बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागून घेतला. गळ्याचं बटणसुद्धा लावलं. सहा पावलं गेले. दांड्यासाठी हात वर नेला आणि वॉकर सुटला. पडले असं म्हणता येणार नाही. मावशींनी कवेत धरलं. फिजिओ म्हणाल्या, घरी नको, निदान सध्या. मी त्यांना ४.१२ चा आकडा दाखवला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. याची गरज नव्हती.

९ जून, रविवार
केंद्राचा फॉर्म. दादा म्हणाला, तूच भर, तुझं अक्षर चांगलं.
उंची : १७२. बाबांनी आकड्यावर बोट ठेवलं, मान हलवली. गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. चौकट धरून, जमेल तेवढे ताठ उभे राहिले आणि टेपचं टोक सवयीने टाचेखाली दाबलं. टेप दीडशेला संपला, वरचं पट्टीने मोजलं.
१६०.
पुन्हा मोजलं. १६०.
वॉकरला चार पाय, चार बटणं. दाबली. खांदे खाली आले. बाबा बाथरूमच्या दारापर्यंत गेले. दांडा मात्र अजून १७२ च्या हिशेबाने वर. तिथे थांबले.
दादाला फोन केला. तो म्हणाला, जागा पक्की झाली गं, उद्या दहाला गाडी येते, आता पुरे कर.
बाबांनी टेप नीट गुंडाळला. बराच वेळ घेऊन म्हणाले, ट्रायल राहिली.
फॉर्मवर १७२ खोडून १६० केलं. खाडाखोडीशेजारी सही लागते. केली.