दोनपैकी महत्त्वाचे कोणते?

२ तारीख
१. दुपारी पोचले.
२. वरची खोली मिळाली. घरमालकिणीला काकूच म्हणायचं, हे त्यांनी दारातच ठरवून टाकलं.
३. नवरा शोधायचं सोडून खड्डे कसले शोधत फिरतेस, असं त्यांनी विचारलं. हसू आलं.
४. गच्चीवर कबुतरं फार. खिडकी मात्र छान.
५. आई आणि ताई पुढच्या शुक्रवारी इथेच राहायला येणार. दोन गाद्या सांगून ठेवल्या.

३ तारीख
अणुभट्टीतला कचरा हजारो वर्षं पुरून ठेवण्यासाठी जागा निवडायची आहे. पाच जागा विचारात आहेत, त्यातली एक या गावाला लागूनच. निवडीसाठी संगणकावर एक प्रोग्राम आहे. तो दोन गोष्टी समोर ठेवतो आणि दोनपैकी महत्त्वाची कोणती, हे विचारतो. भूजल की रस्ता? खडक की लोकवस्ती? आपण एक ते नऊ गुण द्यायचे; त्यावरून जागांचा क्रम लागतो. साहेब म्हणाले, यंत्रालाच निवडू द्यावं, म्हणजे शिव्याही त्यालाच बसतात.

५ तारीख
मधेच एक जोडी आली: कबुतरं / अंगणातलं झाड. कुणीतरी थट्टा केली असणार. झाडाला नऊ दिले.
संध्याकाळी गच्ची स्वच्छ. एक पीसही नाही. काकू म्हणाल्या, कसली कबुतरं? इथे कधी नव्हतीच.

६ तारीख
ड्रायव्हरदादा / चहावाल्या मावशी. दोघंही आमच्याच ऑफिसातले. मी उत्तर दिलं नाही. साहेबांना सांगितलं. उत्तर न दिल्यास दोन्ही समान धरले जातात, एवढ्यावर काय अडून बसायचं, असं ते म्हणाले.

७ तारीख
जीप उभी आहे. ती कोण चालवायचं, कुणालाच आठवत नाही. चहाच्या खोलीत फायलींचे गठ्ठे; म्हणे पहिल्यापासून. लोकवस्तीचा आकडा दोनने उतरलाय. गावालगतची जागा पहिल्या क्रमांकावर. साहेब खूश.

८ तारीख
काकू / साहेब.
गप्प राहिले तर दोघंही जातील. काकूंना नऊ दिले. हात माझाच होता.

९ तारीख
साहेबांच्या टेबलावर धूळ. शिपाई म्हणाला, ऑफिसात मुख्य तुम्हीच ना, मॅडम.
संगणकाची वायर काढली. पडदा चालूच —

१० तारीख
आई / ताई.
खालून काकू विचारतायत, गाद्या कुठे टाकू.

११ तारीख
जोडी बदलता येते. एका बाजूला दोघींना लिहिलं, दुसरीकडे स्वतःला. आई आणि ताई / मी. प्रोग्रामनं ते घेतलं. दोघींना नऊ.
काकू दारात उभ्या — वरची खोली कधीची रिकामीच आहे, असं कुणाला तरी सांगतायत. माझ्याकडे बघत नाहीत. हाक मारली. दोनदा —
ताईला निरोप धाडतेय. जसाच्या तसा इथे —
ताई, इकडे येऊ नका. आईलाही आणू नकोस. गुरुवारपर्यंत उत्तर दे. एवढंच कळव, तुला एक धाकटी बहीण —