सासूबाईंची नक्कल

नाशिक, रविवार, १७ जानेवारी १९९९

सासूबाई भाजीवाल्याशी कशी घासाघीस करतात, याची नक्कल मी फक्त ह्यांनाच करून दाखवते, पोळ्या लाटताना. दिवसभरातली तेवढीच आमची गंमत.

आज नणंदेच्या सासरची माणसं देवळ्याहून जेवायला आली. सगळ्यांसमोर हे म्हणाले, "आईची नक्कल करून दाखव ना."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "माझी?"

"मला नाही येत तसलं काही," मी म्हटलं.

मग ह्यांनी स्वतःच केली. माझेच शब्द, माझेच हातवारे. सगळे हसले. सासूबाईंचा हात अजून ताटातच.

का सांगितलं असेल? नुसतं हसवायला?

संध्याकाळी हे ओट्याशी आले. "आज काही नवीन?"

"नाही. तुम्ही बाहेर बसा, पोळ्या झाल्या की हाक मारते."