साडेपाच तासांवरची बायको

३ जून
झेरितूचं तिकीट निघालं! अदिस अबाबा ते जोहान्सबर्ग — चार हजार किलोमीटर, विमानाने साडेपाच तास. बाजारात शेजारच्या गाळ्यात बसणारा, माझ्याच खोलीत राहणारा लोम्बामो म्हणतो, "एवढ्या वेळात आपल्याकडे कोंबडीच्या वॉटचं कालवणसुद्धा शिजत नाही, अन् तुझी बायको येणार?"
मला यायला चार महिने लागले होते. ट्रक, पायवाटा, मलावीचा तुरुंग. अजून कागद नाहीत, म्हणून परत जाता येत नाही. तिनेच यायचं. लग्नानंतर महिनाभरही एकत्र नव्हतो, त्याला सात वर्षं झाली.

४ जून
तिला फोन केला. विमान नऊ तारखेला, आठ वाजता सुटतं म्हणून सांगितलं.
"थंडी असते का हो तिकडे?"
असते म्हटलं.
"आजूबाजूला आपल्या बायका आहेत?"
आहेत की, म्हटलं. कुठल्या बायका! सगळी इमारत बाप्यांनी भरलेली, एकेका खोलीत चौघं. तिने दोनदा विचारलं, नक्की? मग म्हणाली, बरं.

७ जून
खोलीतल्या लोम्बामोला आणि बाकीच्या दोघांना वरच्या मजल्यावर हुसकावलं. "नवरदेव, आधी दाढी कर," म्हणत लोम्बामो गेला. खोली धुतली. गाळ्यात विकायला ठेवलेलं सगळ्यात जाड ब्लँकेट घरी आणलं.

९ जून
आली नाही.
दुपारभर विमानतळावर उभा होतो. दारातून माणसं आली, मिठ्या मारून गेली. मग झाडूवाली आली. झेरितूचा फोन बंद.

१० जून
फोन लागला. रडत होती. "तुम्ही आठ म्हणालात, मी आपले आठ धरले. दुपारी पोचले, तर विमान गेलेलं."
डोक्यावर हात मारून घेतला. आमच्याकडे घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. तिकिटावरचे सकाळचे आठ म्हणजे आमचे दोन. आमचे आठ म्हणजे भरदुपारी, तिकिटाच्या हिशेबाने दोन. परक्या गावात राहून मी हेच विसरलो!
लोम्बामोने शिव्या घातल्या. "गाढवा, आपलं घड्याळसुद्धा आठवेना तुला?" बरोबर आहे त्याचं. दुसरं तिकीट काढायचं, उपाशी राहावं लागलं तरी.

१२ जून
एकटं वाटतं. उगाच कशाला लपवू, फार एकटं वाटतं. बाजारात दिवसभर गर्दी, पण गिऱ्हाईक हाक मारतं ती "माय फ्रेंड" म्हणून. नाव कुणी विचारत नाही. झेरितू माझ्या नावाने हाक मारत नाही, नुसतं "अहो" म्हणते. तेवढं चाललं असतं.

१३ जून
जेवलो नाही. कंटाळा.

१४ जून
दुसऱ्या तिकिटाचं बोलायला मेव्हण्याला, एर्सिडोला फोन केला. आधी हो-नाही करत राहिला. मग म्हणाला, "दाजी, तिला सांगू नका. मीच नेलं होतं तिला. उजाडायच्या आत विमानतळावर पोचलो होतो. दारापाशी बसून राहिली, आत जाईना. विमान वर गेलं तेव्हा म्हणाली, चल घरी."
संध्याकाळी तिचाच फोन आला. "चिडलात का हो?"
मी म्हटलं, छे गं, कुठले आठ ते मी नीट सांगायला हवं होतं. माझीच चूक.