‘चोवीस तास डॉक्टर’ हे शब्द माझे नव्हते

मी, श्रीमती लतिका प्रल्हाद कुडतरकर, वय एकाहत्तर, धंदा जाहिरातीचा मजकूर लिहिणे (आता बंद), राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहून ठेवत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण रागाला कायदा दबाव मानत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात मी माझा मुलगा कौस्तुभ याला धंद्यात माझे नाव वापरण्याची मुभा दिली होती.

१. राहता फ्लॅट माझ्या पश्चात कौस्तुभ आणि मुलगी स्वप्ना यांना समान हिश्श्याने मिळावा. कौस्तुभला वगळावे असे मनात येऊन गेले. परंतु घर माझ्या आणि माझे यजमान कै. प्रल्हाद यांच्या कमाईतून उभे राहिले आहे आणि राग माझा एकटीचा आहे. त्यांच्या अर्ध्या घरावर मी माझा राग काढू शकत नाही.

२. बाल्कनीतले पायाने चालवायचे छपाईयंत्र व छपाईच्या अक्षरांचे खिळे त्यांच्या पेट्यांसकट स्वप्नाला द्यावेत. ठेवायला जागा नसेल तर तिने ते खुशाल विकावे. मात्र विकताना चाक मधेच अडकते आणि तेल घातल्याशिवाय सुटत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. त्यानंतर छाप किती सुबक उठतो ते सांगावे, कारण तेही तितकेच खरे आहे. यजमानांनी आणि मी धंदा असाच केला. ते छापत, मी लिही. दुकानांची पत्रके, क्लासच्या जाहिराती, अर्नाळ्याच्या सुकटीवाल्यांची पाकिटे. माल घेऊन गेल्यावर माणूस ज्या गोष्टीवरून भांडायला येईल, ती मी आधीच कागदावर लिहीत असे. मग उरलेले कौतुक मोकळ्या मनाने करता येई.

३. बँकेतील सर्व ठेवी माझी मैत्रीण एमिली तुस्कानो, राहणार भुईगाव, हिच्या शुश्रूषेसाठी खर्च कराव्यात. तिच्या पश्चात काही उरल्यास ते स्वप्नाचे. व्यवस्था पाहण्यासाठी मी स्वप्नालाच व्यवस्थापक नेमत आहे. हे का, ते कौस्तुभला ठाऊक आहे. तरी त्याच्या मुलांना कळावे म्हणून सविस्तर लिहिते.

एमिली शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने घरचा बाटली मसाला, म्हणजे वसईकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तो, विकायला काढला आणि पत्रक लिहून घ्यायला माझ्याकडे आली. मी पहिलीच ओळ लिहिली, “हा मसाला तिखट आहे, लहान मुलांच्या जेवणात घालू नये.” ती म्हणाली, “लतिका, तू माझा धंदा बुडवायला बसलीयस का?” मसाला संपला आणि आमची मैत्री जुळली. पुढे तिचा मुलगा फ्लॉईड कॅनडाला स्थायिक झाला आणि भुईगावच्या घरात ती एकटी राहिली.

त्याच सुमारास हितेशभाई नावाच्या गृहस्थांनी कळंबला समुद्राजवळ ‘सांजकिनारा’ हे वृद्धनिवास काढले. जाहिरातीचे काम कौस्तुभच्या कंपनीकडे आले. तो म्हणाला, “आई, लोक तुझ्या नावावर विश्वास ठेवतात. तू तुझ्या नावाने एक पत्र लिही.” मी तिथे जाऊन राहिले, जेवले, माणसांशी बोलले आणि मग लिहिले. जेवण चांगले आहे, खोल्यांत वारा खेळता आहे, बायका मायेने वागतात. डॉक्टर रोज सकाळी येऊन जातात. इतर वेळी दुखले-खुपले तर गाडी आहे, परंतु मोठे रुग्णालय लांब आहे, तेव्हा ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी याचा विचार करावा.

छापून आले ते पत्र माझ्या सहीचे होते. जेवण होते, वारा होता, माया होती. डॉक्टरांच्या ओळींच्या जागी ‘चोवीस तास डॉक्टर उपलब्ध’ असे चार शब्द होते. मला प्रत दाखवली नव्हती.

एमिलीने ते वाचले. तिला रक्तदाब होता. मला ती फोनवर म्हणाली, “जागा ठरवली मी. तू लिहिलंयस म्हणजे अजून कोणाला विचारायचं?” मला वाटले, तिने माझे पत्र वाचून, विचार करून ठरवले. मी तिचे अभिनंदन केले.

पावसाळ्यानंतरच्या एका संध्याकाळी प्रार्थनेची माळ म्हणता म्हणता तिच्या हातातून माळ गळाली आणि तोंड वाकडे झाले. डॉक्टर सकाळीच येऊन गेले होते. त्यांना फोन लावत बसण्यात वेळ गेला, कारण तिथल्या मुलींनाही तेच सांगून ठेवले होते की डॉक्टर उपलब्ध आहेत. मग गाडी, मग रस्ता. रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवे होते. एमिलीचा उजवा हात गेला आणि बोलणे गेले. चाळीसेक वर्षे वर्गात बोललेली बाई आता परत भुईगावच्या घरी पडून असते आणि कशालाही “बरं” एवढेच म्हणते. दुखतंय का विचारले तरी “बरं”.

तिचे सामान आणायला ‘सांजकिनारा’त गेले, तेव्हा तिच्या उशाशी ते पत्र घडी करून ठेवलेले होते. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा वाचले.

कौस्तुभ म्हणाला, “आई, उपलब्ध म्हणजे फोनवर उपलब्ध. शब्दशः खोटं काय आहे त्यात?”

मी म्हटले, “वाचणाऱ्याला काय समजलं?”

“ते मी कसं ठरवणार?”

“तेच ठरवण्याचे पैसे घेतोस तू.”

“तुझ्या त्या ओळी ठेवल्या असत्या तर कोणी आत पाऊल टाकलं नसतं. लोकांना धीर हवा असतो.”

हा मुलगा माझ्याच टेबलाशी बसून लिहायला शिकला. धीर देणे आणि झोपवणे यांत फरक आहे, हे मी त्याला किती प्रकारे सांगितले. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि परत तेच विचारतो, “पण खोटं काय आहे?”

मी अडकलेल्या चाकाला तेल घालून एक पत्रक छापले. “आधीच्या पत्रावर माझे नाव होते, डॉक्टरांविषयीचे शब्द माझे नव्हते,” असे लिहून खाली माझ्या मूळ ओळी घातल्या. रविवारी नातेवाईक भेटायला येतात तेव्हा ‘सांजकिनारा’च्या फाटकाशी उभी राहून वाटले. हितेशभाई बाहेर आले. “काकी, तुम्हीपण धंद्यातल्याच ना? पोटावर पाय का देता?” मी म्हटले, “रात्रीसाठी नर्स ठेवा. मग मीच तुमची जाहिरात लिहून देते.” ते चिडून आत गेले. काही कुटुंबांनी आपली माणसे घरी नेली, बाकीच्यांनी आत जाऊन जाब विचारला. शेवटी फलकावरची ती ओळ पुसली गेली आणि रात्रीची नर्स आली. कबूल केल्याप्रमाणे मी जाहिरात लिहून दिली, प्रत स्वतः तपासली. एमिलीला त्याचा काही उपयोग नव्हता.

४. माझे नाव, माझी सही आणि मी लिहिलेला कोणताही मजकूर कोणत्याही विक्रीसाठी वापरण्याचा हक्क मी कौस्तुभला देत नाही. तो स्वप्नाकडे राहील.

यामागेही कारण आहे. ‘सांजकिनारा’चे काम हातचे गेल्यावर तो बरेच दिवस माझ्याकडे फिरकला नाही. नंतर कळले की त्याने विरारला शिबिरे सुरू केली आहेत, ‘आईच्या शब्दांतून विक्री’. मी न कळवता जाऊन मागे बसले. माझा मुलगा छान बोलतो, हे मला आईपणाने लिहिले पाहिजे. तो सांगत होता, “आधी स्वतःची एक छोटी उणीव कबूल करा. मग गिऱ्हाईक मोठी उणीव विचारतच नाही.” मसाल्याच्या पत्रकाचे उदाहरण त्याने दिले. माणसे लिहून घेत होती.

मी उभी राहिले. विचारले, “आणि मोठी उणीव कोणी सांगायची?”

तो हसून म्हणाला, “ही माझी आई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा प्रश्न त्या टाळ्यांत गेला. खोटे बोलायला माझा खरेपणा त्याने अवजार म्हणून घेतला, याचा संताप मला त्या चार शब्दांच्या बदलापेक्षाही जास्त आहे. आणि हे त्याला कसे समजवावे, याचे शब्द मला सापडत नाहीत. जन्मभर लोकांची मने वळवली, घरातले एक वळत नाही.

५. माझ्यानंतर आठवड्यातून एक दुपार स्वप्नाने एमिलीकडे बसावे आणि तिला काहीतरी वाचून दाखवावे. तिला समजते. चुकीचा उच्चार केला तर भुवई उंचावते.

६. माझ्या निधनाची बातमी कौस्तुभने लिहावी. विशेषणे लावू नयेत. ‘मनमिळाऊ’ तर मुळीच नको. मी तशी नव्हते आणि इमारतीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे. मुलाशी अखेरपर्यंत पटले नाही, ही खरी गोष्ट असेल तर तीही लिहावी.

७. या मृत्युपत्राची एक प्रत मी आजच कौस्तुभला पाठवत आहे. सहावे कलम त्याचे मन वळवण्यासाठी लिहिले आहे. त्याने ते वाचून अस्वस्थ व्हावे, एमिलीला भेटावे आणि मग माझ्याकडे जेवायला यावे, असा माझा हेतू आहे. हेतू उघड लिहिला आहे; आता यायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.

सही: लतिका प्रल्हाद कुडतरकर

वरील लेख लतिकाताईंनी आम्हा दोघांना वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. नंतर आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या. आम्हांला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१) मर्विन घोन्साल्विस, राहणार गिरीज, वसई
२) संपदा हेमंत नाडकर्णी, शेजारी, आचोळे

ठिकाण: आचोळे, नालासोपारा पूर्व, जिल्हा पालघर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५